क्रीडांगणावरील गुरुजी : सय्यद अब्दुल रहीम

मुंबईकडून येणारी लांब पल्ल्याची गाडी कसाऱ्याच्या स्टेशनांत उभी राहिली म्हणजे बहुधा तिच्या पाठीमागें आणखी इंजिनें जोडावीं लागतात, हें आपल्या इकडील लहान मुलासही ठाऊक आहे. थळ घाटाची चढण ३७ फुटांस १ फूट इतकी खडी. पुढच्या इंजिनानें एकट्यानेंच गाडी वर ओढून न्यावी असें तेथें होत नाहीं. मागचीं इंजिनें तिला ढकलीत ढकलीत इगतपुरीपर्यंत पोंचवितात. तेथें त्यांची जोडणी सुटते आणि गाडी आपल्या वेगानें पुढें निघून जाते. डब्यांतील उतारूंस या मागच्या इंजिनांची आठवण क्वचितच होते. कांहीं थोर माणसांच्या वांट्यास असेंच काम आलेलें असतें. हिंदुस्थानच्या फुटबॉलला एका काळीं आशियाच्या शिखरावर नेऊन पोंचविणारे सय्यद अब्दुल रहीम हे अशांपैकींच एक होत. ते पेशानें शाळामास्तर होते. म्हणून शाळेच्या वार्षिकांत त्यांचें चरित्र देणें विशेष उचित वाटतें.

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजीं हैदराबाद येथें झाला. त्या काळीं हैदराबाद हें निजामाचें संस्थान होतें, आणि औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे मराठी भाषेचे जिल्हे त्यांतच मोडत असत. उस्मानिया विद्यापीठाच्या दिवसांत त्यांस फुटबॉलची गोडी लागली व ते चांगले खेळाडू म्हणून ओळखले जाऊं लागले. शिक्षण पुरें झाल्यावर त्यांनीं शिक्षकाचा व्यवसाय पत्करला. काचीगुडा, चादरघाट वगैरे भागांतील शाळांतून त्यांनीं अध्यापन केलें. पुढें शारीरिक शिक्षणाची पदविका संपादन करून मुलांच्या खेळांची जबाबदारीही त्यांनीं आपल्या अंगावर घेतली. वर्गांत खडू आणि मैदानांत शिट्टी, हा त्यांचा नित्यक्रम झाला. वर्गांतील शिकवणें व मैदानांतील शिकवणें हीं दोन निराळीं कामें आहेत असें त्यांस कधींच वाटलें नाहीं. त्यांच्या सर्व यशाचें बीज या एका गोष्टींत आहे.

त्या वेळच्या फुटबॉलची स्थिति ध्यानांत घेतल्यावांचून त्यांच्या कार्याचें मोल कळणार नाहीं. हा खेळ आपल्या देशांत मुख्यतः इंग्रज पलटणींबरोबर आला. १८८८ सालीं सिमल्यास ड्युरंड चषकाची आणि १८९१ सालीं मुंबईस रोव्हर्स चषकाची स्पर्धा सुरू झाली. हे दोन्ही चषक कित्येक वर्षें गोऱ्या पलटणींच्याच हातांत फिरत राहिले. रोव्हर्स चषक जिंकणारा पहिला हिंदी संघ म्हणजे बंगलोर मुस्लिम्स. तें साल १९३७. ड्युरंड चषक हिंदी संघाच्या हातीं प्रथम पडला तो १९४० सालीं, कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगनें तो जिंकला तेव्हां. आपल्या खेळाडूंत चापल्य होतें, हौस होती, धाडसही होतें. परंतु चेंडू मिळाला कीं तो आपल्याच पायाशीं ठेवून चार जणांस चुकवीत सुटावें आणि प्रेक्षकांच्या टाळ्या घ्याव्या, ही खोड फार. ज्याचा उजवा पाय चांगला, त्याचा डावा पाय केवळ उभें राहण्याच्या उपयोगाचा. अर्धा वेळ संपला कीं दम उखडे. पुष्कळांच्या पायांत बूटही नसत.

रहीमसाहेबांनीं हे दोष शिक्षकाच्या नजरेनें पाहिले. चांगला शिक्षक मुलाच्या उत्तरपत्रिकेंत बरोबर आलेलें उत्तर पाहून संतोष मानतो खरा, पण त्याचें बोट फिरतें तें चुकलेल्या गणितावर. हैदराबाद फुटबॉल संघटनेचें चिटणीसपद त्यांजकडे होतें. त्यांनीं मुलांसाठीं निराळ्याच तऱ्हेचे सामने सुरू केले. एखाद्या सामन्यांत नियम असा कीं, प्रत्येकानें आपल्या दुबळ्या पायानेंच चेंडू मारावयाचा. दुसऱ्यांत नियम असा कीं, चेंडू पायाशीं खेळवीत पुढें न्यावयाचा नाहीं. येतांच तो सोबत्याकडे देऊन टाकावयाचा. अशा खेळांत नांवाजलेला खेळाडूही आरंभीं अडखळतो व नवशिक्याच्या बरोबरीस येतो. त्याचा गर्व आपोआप गळतो. महिन्यामागून महिने असें खेळल्यावर डावा पाय उजव्यासारखा चालूं लागतो, आणि सोबती कोठें उभा आहे हें मान वर न करतांही कळूं लागतें. या शिक्षणास पैसा लागत नव्हता. लागत होती ती चिकाटी.

१९५० सालीं हैदराबाद शहर पोलिसांच्या फुटबॉल संघाचे शिक्षक म्हणून रहीमसाहेब काम पाहूं लागले. दोनच वर्षांपूर्वीं, सप्टेंबर १९४८ मध्यें, हैदराबाद संस्थान भारतांत सामील झालें होतें. शहर पोलिसांचा संघ पूर्वींपासून नांवाजलेला होता. तथापि देशांतील सर्वश्रेष्ठ संघांच्या पंक्तींत त्याची कायमची गणना व्हावयाची होती. खाकी पोषाखांतील या शिपायांस कवाईत नवी नव्हती. हुकूम पाळणें त्यांच्या अंगवळणीं पडलेलें होतें. परंतु कवाईतींत सर्वांनीं एकच हालचाल करावयाची असते. फुटबॉलमध्यें प्रत्येकानें क्षणोक्षणीं निराळी हालचाल करूनही सर्वांचा हेतु एक राखावयाचा असतो. नव्या गुरुजींनीं शिपायांस हा दुसऱ्या प्रकारचा कायदा शिकविला. आधीं शरीर कमावणें, मग चेंडू जमिनीवरून आंखूड टप्प्यांनीं एकमेकांकडे देणें, आणि चेंडू जवळ नसतांना मोकळ्या जागेकडे धांवणें, असा त्यांचा पाठ होता. चेंडू जवळ असलेल्या एका माणसापेक्षां जवळ नसलेल्या दहा माणसांकडे त्यांचें लक्ष अधिक असे.

त्या एका हंगामांत या शिक्षणाचें फळ साऱ्या देशास दिसलें. मुंबईच्या स्पर्धेंत उतरून हैदराबादच्या पोलिसांनीं रोव्हर्स चषक जिंकला. त्याच हंगामांत ड्युरंड स्पर्धा स्वातंत्र्यानंतर प्रथमच दिल्लीस भरली होती. महायुद्ध व त्यानंतरची धामधूम यांमुळें ती जवळजवळ दहा वर्षें बंद पडली होती. अंतिम सामन्यांत पोलिसांची गांठ कलकत्त्याच्या मोहन बागान या बलाढ्य संघाशीं पडली. बंगाल म्हणजे हिंदी फुटबॉलचें माहेरघर. हैदराबादचे शिपाई तेथील मातब्बरांपुढें टिकतील असें थोड्यांसच वाटलें असेल. परंतु तो चषकही पोलिसांनींच नेला. ज्या दोन चषकांवर एके काळीं गोऱ्या पलटणींचा मक्ता होता, ते दोन्ही एका शाळामास्तरानें तयार केलेल्या शिपायांनीं एकाच हंगामांत पटकावले.

एखाद्या वर्षाचें यश दैवाच्या खातीं मांडतां येतें. परंतु १९५० पासून १९५४ पर्यंत लागोपाठ पांच वर्षें रोव्हर्स चषक हैदराबादच्या पोलिसांकडेच राहिला. पांच वर्षांच्या अवधींत खेळाडू बदलतात, वयें वाढतात, दुखापती होतात. तरीही यश टिकलें, याचें कारण तें एका दोघांच्या पायांवर उभें नसून शिकविण्याच्या पद्धतीवर उभें होतें.

ही कीर्ति ऐकून राष्ट्रीय संघाची धुराही त्यांजकडे आली. १९५१ च्या मार्च महिन्यांत दिल्लीस पहिले आशियाई सामने भरले. शैलेन मन्ना यांच्या नेतृत्वाखालील आपल्या संघानें अंतिम सामन्यांत इराणचा एका गोलानें पराभव करून सुवर्णपदक मिळविलें. तो गोल साहू मेवालाल यांचा. स्वतंत्र भारताच्या फुटबॉलचा हा पहिला मोठा विजय होय.

विद्यार्थीमित्रहो, येथवर सर्व सुरळीत झालें. परंतु माणसाची परीक्षा विजयांत होत नाहीं. पुढच्याच वर्षीं, १९५२ सालीं, फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथें ऑलिंपिक सामने झाले. तेथें कडाक्याचा गारवा होता. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले. युगोस्लाव्हियाशीं गांठ पडली आणि १० विरुद्ध १ अशा गोलसंख्येनें आपला संघ पराभूत होऊन परतला. घरीं परतल्यावर कोणास तोंड दाखवावें असा हा प्रसंग. दुसरा एखादा मनुष्य हवेला, दैवाला किंवा खेळाडूंना दोष देऊन मोकळा झाला असता, नाहीं तर राजीनामा देऊन शाळेच्या चार भिंतींत जाऊन बसला असता. रहीमसाहेबांनीं या पराभवाकडे तपासून आलेल्या उत्तरपत्रिकेप्रमाणें पाहिलें. बूट हवेत हें उघड झालें, व यापुढें बूट घालूनच खेळलें पाहिजे असा दंडक फुटबॉल संघटनेनें घातला. युरोपांतील संघ आपले खेळाडू मैदानावर कसे मांडतात, मधला आघाडीवीर मागें घेऊन प्रतिपक्षाच्या बचावास कसे फसवितात, याचा अभ्यास त्यांनीं चालविला. त्या विद्येंतील आपल्या मुलांस झेपेल तेवढें त्यांनीं घेतलें.

या अभ्यासाचें उत्तर चार वर्षांनीं मिळालें. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्यें भारतीय संघानें यजमान ऑस्ट्रेलियाचा ४ विरुद्ध २ असा पराभव केला. त्यांतील तीन गोल एकट्या नेव्हिल डिसूझा यांचे होते. मूळचे गोव्याचे आणि मुंबईंत खेळणारे हे खेळाडू ऑलिंपिकमध्यें एकाच सामन्यांत तीन गोल करणारे पहिले आशियाई ठरले. ऑलिंपिकच्या उपांत्य फेरींत पोंचलेला पहिला आशियाई फुटबॉल संघही आपलाच. तेथें पुन्हां युगोस्लाव्हिया समोर उभा राहिला. या वेळीं पहिला गोल डिसूझांनीं केला. परंतु अखेरीस ४ विरुद्ध १ अशी हार झाली. तिसऱ्या स्थानाच्या सामन्यांत बल्गेरियानें आपणांस हरविलें व भारताचा क्रमांक चौथा आला. चार वर्षांपूर्वीं दहा गोल खाऊन परतलेल्या देशाचा जगांत चौथा क्रमांक यावा, ही गोष्ट लहान नव्हे.

रहीमसाहेब मुलें कशीं शोधून काढीत याचें एक उदाहरण येथें देणें जरूर आहे. सिकंदराबादेजवळच्या अम्मुगुडा गांवीं तुळशीदास बलराम नांवाचा गरीब घरचा एक मुलगा होता. नवे बूट विकत घेण्याची ऐपत नसल्यामुळें त्यानें पोलिसांचे टाकून दिलेले जुने बूट मिळविले व चांभाराकडून ते फुटबॉलसाठीं नीट करून घेतले. त्याचा खेळ रहीमसाहेबांच्या दृष्टीस पडला. सरावासाठीं शहरांत ये म्हणून त्यांनीं सांगितलें. परंतु रोज एवढें अंतर यावयाचें कसें ही मुलाची अडचण होती. तेव्हां भाड्याच्या सायकलीचे पैसे रहीमसाहेबांनीं स्वतःच्या खिशांतून दिले. शिक्षकाचा पगार त्या काळीं किती असे हें सांगावयास नको. तोच मुलगा पुढें देशांतील पहिल्या प्रतीच्या आघाडीवीरांत गणला गेला आणि ऑलिंपिकमध्यें त्यानें देशासाठीं गोल केले. पालकांनीं या प्रसंगाचा अवश्य विचार करावा. होतकरू मुलाच्या वाटेंत पुष्कळदां जो धोंडा असतो तो एका सायकलीच्या भाड्याएवढाच असतो. फक्त तो कोणाच्या तरी दृष्टीस पडावा लागतो.

स्वतःच्या मुलाच्या बाबतींत मात्र त्यांनीं अशी कोणतीही सवलत ठेविली नाहीं. त्यांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम हे पुढें वायुदलांत अधिकारी झाले. तेही उत्तम खेळाडू होते. १९६० च्या रोम ऑलिंपिकसाठीं निवडलेल्या संघांत त्यांचें नांव होतें. परंतु वडील शिक्षक असतांही त्यांस एकाही सामन्यांत उतरावयास मिळालें नाहीं. रोमला आपण हंगेरीकडून २ विरुद्ध १ असे हरलों, फ्रान्सशीं १-१ अशी बरोबरी साधली व पेरूकडून ३ विरुद्ध १ असे पराभूत झालों. फ्रान्सविरुद्धचा आपला गोल कर्णधार प्रदीपकुमार बॅनर्जी यांचा होता.

आतां शेवटचा प्रसंग. १९६२ सालीं इंडोनेशियाची राजधानी जकार्ता येथें आशियाई सामने भरले. या सुमारास कर्करोगानें रहीमसाहेबांचें शरीर पोखरलें होतें. त्यांतच पहिल्या सामन्यांत दक्षिण कोरियानें आपणांस २ गोलांनीं हरविलें. थायलंडवर विजय मिळाला, पण त्या सामन्यांत बचावफळीचा आधारस्तंभ जर्नेलसिंग यांच्या डोक्यास मोठी जखम होऊन टांके घालावे लागले. पुढें जपानवर विजय मिळवून आपला संघ उपांत्य फेरींत आला. मैदानाबाहेरची परिस्थितीही बिकट होती. इस्रायल व तैवान यांस सामन्यांतून वगळल्याबद्दल एका हिंदी अधिकाऱ्यानें हरकत घेतली होती; त्यामुळें जकार्त्याची जनता भारतीयांवर खवळली होती.

जायबंदी जर्नेलसिंगांना बचावांत ठेवणें धोक्याचें, आणि बाहेर बसविणें म्हणजे संघाचा कणाच काढून घेणें. रहीमसाहेबांनीं त्यांस आघाडीस खेळविलें. बाहेरच्यास हा जुगार वाटला असेल. परंतु प्रत्येक खेळाडूच्या अंगांत काय काय दडलेलें आहे हें जाणणाऱ्या शिक्षकाची ती निवड होती. दक्षिण व्हिएतनामविरुद्ध उपांत्य सामन्यांत जर्नेलसिंगांनीं गोल केला व आपण ३ विरुद्ध २ असे जिंकलों. अंतिम सामन्यापूर्वीं रहीमसाहेबांनीं खेळाडूंस जवळ घेऊन सुवर्णपदकाची भेट मागितली असें सांगतात. आयुष्यभर देत आलेल्या गुरूनें शिष्यांपाशीं केलेली ती मागणी होती.

४ सप्टेंबर १९६२ रोजीं सेनायन मैदानावर सुमारें एक लाख प्रेक्षक जमले होते, व ते जवळजवळ सारे आपल्या विरुद्ध ओरडत होते. प्रतिपक्ष तोच, पहिल्या सामन्यांत ज्यानें हरविलें होतें तो दक्षिण कोरिया. चुनी गोस्वामी कर्णधार होते. गोलाशीं सैन्यदलांत तयार झालेले पीटर थंगराज उभे होते, मध्यभागीं मुंबईचे फॉर्च्युनॅटो फ्रँको होते, आघाडीस तो सायकलीवरून सरावास येणारा बलराम होता. पहिल्या वीस मिनिटांच्या सुमारास प्रदीपकुमार बॅनर्जींनीं एक व जर्नेलसिंगांनीं एक असे दोन गोल झाले. शेवटीं शेवटीं कोरियानें एक गोल फेडला. परंतु २ विरुद्ध १ असा विजय भारताचाच झाला. गोल करणाऱ्यांचीं नांवें जगभर गेलीं. मैदानाच्या कडेला उभा असलेला आजारी शिक्षक आपल्या शिष्यांकडे पाहत होता.

त्यानंतर जेमतेम नऊ महिन्यांनीं, ११ जून १९६३ रोजीं, हैदराबाद येथें रहीमसाहेबांचें देहावसान झालें. त्यांचें वय अवघें ५३ वर्षांचें होतें. १९६० नंतर भारताचा फुटबॉल संघ ऑलिंपिकमध्यें पुन्हां दिसला नाहीं, आणि १९६२ नंतर आशियाई सामन्यांतील फुटबॉलचें सुवर्णपदक आपणांस मिळालें नाहीं. १९७० सालीं बँकॉक येथें कांस्यपदकावर समाधान मानावें लागलें. याचीं कारणें अनेक असतील. इतर देशांनीं आपापली मुलें शास्त्रीय पद्धतीनें तयार केलीं हें त्यांपैकीं एक होय. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. जें काम एका शिक्षकानें आपल्या आयुष्याचें सार ओतून उभें केलें, तें पुढें चालविण्यासाठीं त्यासारखे शंभर शिक्षक गांवोगांवीं तयार करणें जरूर होतें. तें झालें नाहीं. पदकांचा गौरव झाला. पद्धतीचा वारसा मात्र हातांतून निसटला.

बालमित्रहो, आपल्या शहापूर-मुरबाडच्या भागांत सपाट मैदानें थोडीं आणि पावसाळा मोठा. तथापि रहीमसाहेबांच्या पाठास फार मोठें मैदान लागत नाहीं. एक चेंडू, चार सोबती आणि आज डाव्या पायानेंच खेळावयाचें असा निर्धार, एवढें पुरे आहे. डावा पाय केवळ फुटबॉलमध्येंच असतो असें नाहीं. कोणाचें गणित दुबळें असतें, कोणाचें अक्षर, कोणाचा धीर. जें चांगलें येतें तेंच पुनःपुन्हां करून दाखविण्यांत टाळ्या मिळतात. जें येत नाहीं तें चारचौघांत करण्यांत प्रथम हंसें होतें. रहीमसाहेबांचे शिष्य तें हंसें सोसावयास शिकले, म्हणून पुढें लाखाच्या आरडाओरड्यापुढेंही त्यांचे पाय डगमगले नाहींत. येत्या वर्षीं आपल्या शाळेचा संघ मैदानावर उतरेल तेव्हां प्रत्येकानें आपला दुबळा पाय कोणता हें आधीं ओळखावें, आणि सरावास त्याच पायानें आरंभ करावा.